मारुती जिप्सीचं व्हील अलाइनमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिप्सी बंद होऊन काही वर्षं झाली, तरी रस्त्यावर, शेतावर, जंगलात आणि रॅलीत ती अजून धावते आहे. अडचण अशी, की आजच्या अलाइनमेंट सेंटरमधली बहुतेक मुलं हॅचबॅक आणि सेडानवर हात बसलेली. अख्खा एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी नळी असलेली गाडी रॅम्पवर चढली की ती गोंधळतात. मग एक तर काहीच न करता पावती फाडली जाते, नाहीतर जे करायला नको तेच होतं. जिप्सीवाले पुन्हा पुन्हा विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते: या गाडीत आधी प्ले, म्हणजे जॉइंट आणि बेअरिंगमधला ढिलेपणा काढायचा आणि मग अलाइनमेंट. हा क्रम उलटा केलात तर पैसे वाया जातात.

ही माहिती कोणकोणत्या जिप्सीला लागू पडते?

१९८५ साली आलेल्या एमजी४१० पासून शेवटच्या जिप्सी किंगपर्यंत सगळ्यांना. मधल्या काळात इंजिन बदललं, १९९३ मध्ये ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवलं गेलं, १९९६ मध्ये १३०० सीसीची किंग आली, नंतर कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (इंधन फवारणारी यंत्रणा) आलं. पण पुढचा अख्खा एक्सल, पाट्यांचं सस्पेन्शन, रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचा स्टिअरिंग बॉक्स आणि किंगपिनवर (उभ्या खिळीवर) फिरणारे नकल (पुढचं चाक ज्यावर बसतं आणि वळतं ते भाग) ही मूळ रचना शेवटपर्यंत तीच राहिली. सुझुकीच्या एसजे४१० आणि परदेशातल्या सामुराईची रचनाही हीच, म्हणून त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले चाकांचे कोन जिप्सीलाही चालतात.

मूळ आकडे काय आहेत?

टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते): २ ते ६ मिलिमीटर
कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल): १ अंश, पॉझिटिव्ह, म्हणजे वरची बाजू बाहेर
कॅस्टर (बाजूने दिसणारा किंगपिनचा मागचा कल): ३ अंश ३० मिनिटं
किंगपिनचा कल (समोरून दिसणारा, वरचं टोक आत): ९ अंश

साइड स्लिप टेस्टर असलेल्या ठिकाणी गाडी नेलीत, तर चाकाचं सरकणं दर मीटरला ३ मिलिमीटरच्या आत हवं. मग ते आतल्या बाजूला असो की बाहेरच्या.

यातलं काय काय ॲडजस्ट होतं?

फक्त टो.

कॅम्बर आणि किंगपिनचा कल एक्सलच्या घडणीतच ठरलेला आहे. कॅस्टर ठरतो तो पाट्यावर एक्सल कोणत्या कोनात बसला आहे त्यावरून. कॅम्बरसाठी ना कुठला बोल्ट आहे, ना कॅम आहे. त्यामुळे "तिन्ही सेटिंग करून दिली" असं जिप्सीच्या पावतीवर लिहिलेलं दिसलं, तर नेमकं काय फिरवलं ते शांतपणे विचारा.

याचा अर्थ कॅम्बर-कॅस्टर मोजूच नये असा मात्र नाही. उलट जिप्सीत त्या आकड्यांचं मोल जास्त आहे. दोन्ही बाजूंचा कॅम्बर एक अंशाच्या आसपास आला, तर एक्सल सरळ आहे आणि किंगपिनचे बेअरिंग शाबूत आहेत असं समजायला हरकत नाही. एका बाजूचा आकडा निराळा आला, तर कुठेतरी काहीतरी झिजलंय, वाकलंय किंवा सरकलंय. तब्येत कळावी म्हणून मोजायचं.

मॅन्युअलमध्ये टो मिलिमीटरमध्ये आहे, मशीन अंश दाखवतं. मेळ कसा घालायचा?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मॅन्युअलचे २ ते ६ मिलिमीटर टायरवर मोजायचे असतात. दोन्ही टायरच्या मधल्या रेघांमधलं अंतर हबच्या उंचीवर मागच्या बाजूने मोजायचं, तसंच पुढच्या बाजूने मोजायचं. मागचं अंतर जितकं जास्त, तितका टो-इन. मिलिमीटरचा हा आकडा टायरच्या व्यासावर अवलंबून असतो, अंशाचा नसतो.

किंगला येणाऱ्या २०५/७० आर१५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर भरतो. त्या हिशोबाने दोन्ही चाकांचा मिळून एकूण टो असा येतो:

२ मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.१७ अंश, म्हणजे १० मिनिटं
४ मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.३४ अंश, म्हणजे २१ मिनिटं
६ मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.५१ अंश, म्हणजे ३१ मिनिटं

मशीनच्या पडद्यावर डावं चाक, उजवं चाक आणि एकूण असे तीन आकडे दिसतात. वरचा हिशोब एकूणचा आहे, एका चाकाच्या वाट्याला त्याचा निम्मा येतो. एकूण ०.३४ अंशांच्या जागी दोन्ही चाकांना ०.३४ लावून ठेवलं, तर टो थेट ८ मिलिमीटरवर जातो. नवे टायर मग फार लवकर कडेने खरवडले जातात.

आणखी एक गोम आहे. काही मशीन मिलिमीटर दाखवतात, पण ते टायरवरचे नसून रिमच्या व्यासावरचे असतात. १५ इंची रिमवर मोजलं तर टायरवरचे ४ मिलिमीटर जेमतेम २.३ दिसतात. म्हणून ऑपरेटरला सरळ अंशांतच दाखवायला सांगावं. तेवढा एक प्रश्न मिटतो.

मशीनच्या यादीत जिप्सी सापडली नाही, तर ऑपरेटर कधीकधी जवळची वाटणारी दुसरी गाडी निवडतो आणि पडद्यावरचे हिरवे-लाल रंग त्या गाडीप्रमाणे येतात. तेव्हा रंगांकडे लक्ष देऊ नका. वरचे आकडे कागदावर लिहून न्या आणि त्यांच्याशीच ताडून बघा.

२ ते ६ ही बरीच मोठी रेंज आहे. नेमका किती ठेवावा?

रेडियल टायर असतील आणि जॉइंट घट्ट असतील तर माझा कल ३ मिलिमीटरकडे आहे. जुने ६.०० - १६ चे नायलॉन टायर असतील तर ४ ते ५.

टो-इन मुळात ठेवतात कशाला, हे बघितलं की कारण लक्षात येतं. जिप्सी एरवी मागच्या चाकांवर चालते. पुढची चाकं नुसती ढकलली जातात, रस्ता त्यांना मागे ओढतो आणि टाय रॉडच्या (दोन्ही नकलना जोडणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटमध्ये जितकी जागा असेल तितकी ती बाहेरच्या बाजूला फाकतात. उभ्या गाडीत आधीच थोडी आत वळवून ठेवली, तर पळताना ती सरळ होतात. नायलॉन टायर जास्त ओढतात, त्यांना जास्त टो-इन लागतो. जॉइंट ढिले असले की ६ मिलिमीटर ठेवूनही गाडी भरकटते, आणि तिथे टो वाढवत बसण्यात अर्थ नसतो.

मोठे टायर टाकले आहेत. आकडा बदलायचा का?

टोसाठी फारसा नाही. २३५/७५ आर१५ चा व्यास ७३३ मिलिमीटरच्या आसपास जातो. त्यावर ४ मिलिमीटर टो-इन ठेवला तर कोन साधारण १९ मिनिटं होतो, मूळ मापापेक्षा दोनच मिनिटं कमी. एवढ्याने टायरला काही होत नाही. फरक पडतो तो रुंद टायर आणि बाहेर आलेल्या रिममुळे. चाकाचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून जितका लांब, तितका प्रत्येक खड्ड्याचा झटका जोराने स्टिअरिंगवर येतो आणि किंगपिनचे बेअरिंग लवकर जातात. स्पेसर (चाक बाहेर आणणारी चकती) लावताना हे ध्यानात ठेवा.

अलाइनमेंटला जाण्याआधी काय तपासून घ्यावं?

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका. एक जॅक आणि सोबतीला एक माणूस असला की घरच्या अंगणात सगळं तपासून होतं.

पुढचं एक चाक उचला आणि एक्सलखाली स्टँड लावा. टायर वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खटखट जाणवली तर दोन शक्यता आहेत: चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिनचं बेअरिंग. कोणतं ते ओळखायला सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तशीच राहिली तर किंगपिनमध्ये, कारण ब्रेकने हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात आणि त्यापुढे हलण्यासारखं किंगपिनच उरतं.

आता टायर तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथला प्ले बहुतेक वेळा टाय रॉडच्या जॉइंटचा असतो. जॉइंटवर बोटं ठेवली की हालचाल हाताला कळते, डोळ्यांना दिसेलच असं नाही.

चाक खाली घ्या. इंजिन बंद ठेवून सोबत्याला स्टिअरिंग थोडं थोडं डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही गाडीखाली बघा. पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सवरचा आखूड दांडा) हलतो पण ड्रॅग लिंक (तिथून नकलकडे जाणारा रॉड) हलत नाही? तो जॉइंट गेला. स्टिअरिंग हलतं पण पिटमन आर्मच हलत नाही? मग बॉक्समध्ये प्ले आहे. बॉक्सच्या डोक्यावर ॲडजस्टिंग स्क्रू असतो, पण तो आवळायचा तो चाकं सरळ ठेवूनच, आणि अगदी जरासा. जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही आणि बॉक्स आतून झिजतो.

मग पाट्यांकडे वळा. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) रबरी बुश चिरलेत का? यू-बोल्टचे (एक्सल पाट्याला बांधणाऱ्या बोल्टचे) नट ढिले आहेत का? सेंटर बोल्ट (पाटे मधोमध बांधून एक्सल जागेवर धरणारा) तुटला की एक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकतो. यू-बोल्ट गच्च दिसत असल्यामुळे तो दोष बराच काळ कळतही नाही.

नकलच्या मागच्या बाजूने ग्रीस आणि मातीचा काळा लगदा बाहेर आलेला दिसला, तर नकलचं सील गेलं आहे. नदी-नाले ओलांडणाऱ्या गाडीत त्या वाटेने पाणी आत शिरतं आणि किंगपिनचे टेपर रोलर बेअरिंग गंजतात. सील स्वस्त असतं, बेअरिंगचं काम महागात पडतं.

हवा चारही चाकांत सांगितल्याप्रमाणे भरा. एका पुढच्या चाकात कमी हवा असेल, तर मशीनवर आलेला कॅम्बर विश्वासाचा नाही.

किंगपिनमध्ये प्ले निघाला. बेअरिंग बदलावेच लागतील का?

प्रत्येक वेळी नाही. किंगपिनखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात. बेअरिंगवर खड्डे पडलेले नसतील, तर शिम कमी करून प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरलेला दाब) परत आणता येतो. टाय रॉड सोडवून, नकलला स्प्रिंग बॅलन्स लावून, तो फिरायला किती जोर लागतो ते मोजतात आणि मॅन्युअलमधल्या आकड्यात बसवतात. हाताच्या अंदाजाने हे काम करणारे मिस्त्री आहेत, काहींचा अंदाज चांगलाही असतो. तरी स्प्रिंग बॅलन्स लावायला सांगा. दोन्ही बाजूंचा जोर सारखा असणं फार महत्त्वाचं आहे. बेअरिंग काढल्यावर रिंगवर रोलरच्या जागी उभे चरे पडलेले दिसले, तर शिमचा काही उपयोग नाही. त्या चऱ्यांत रोलर अडकतात आणि स्टिअरिंग मध्यावर धरून ठेवल्यासारखं वाटतं. तिथे बेअरिंग बदलाच.

मशीनशिवाय घरी टो मोजता येतो का?

येतो, आणि जिप्सीवर तो चांगला येतो, कारण अख्ख्या एक्सलमुळे गाडी जॅकवरून उतरल्यावर चाकांचे कोन इंडिपेन्डंट सस्पेन्शनसारखे बदलत नाहीत.

फरशीची किंवा कोब्याची सपाट जागा लागेल. पुढचं चाक उचलून हाताने फिरवा आणि टायरच्या मधोमध खडूचा पट्टा ओढून घ्या. एका लाकडी ठोकळ्यात खिळा ठोका, ठोकळा जमिनीवर घट्ट दाबून धरा आणि चाक फिरवत त्या पांढऱ्या पट्ट्यावर खिळ्याने बारीक रेघ मारा. टायर किंवा रिम जरा वाकडं असलं तरी चालतं. रेघ चाक फिरवून मारलेली असल्यामुळे ती हबच्या अक्षाला धरूनच येते. दुसऱ्या चाकावरही तेच करा.

गाडी खाली घ्या, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि हाताने ढकलून दोन-तीन मीटर पुढे न्या. पुढेच न्यायची. मागे ढकललीत तर जॉइंटमधला प्ले उलट्या बाजूला बसतो आणि माप चुकतं.

मागच्या बाजूने थेट टेप लावायला गेलात, तर मध्ये इंजिनखालचं सामान येतं. त्याऐवजी ओळंबा वापरा. टायरचा सगळ्यात पुढे आलेला भाग हबच्याच उंचीवर असतो, तिथे रेघेवर दोरी टेकवून ओळंबा सोडला की तो टायरला कुठेही न अडता खाली येतो. जमिनीवर पेन्सिलने खूण करा. टायरच्या मागच्या बाजूलाही तसंच. चार खुणा झाल्या की गाडी बाजूला ढकला आणि मोकळ्या जमिनीवर दोघांनी टेप धरून मोजा. मागचं अंतर वजा पुढचं अंतर, हा तुमचा टो-इन. एकदा मोजून थांबू नका. पुन्हा एकदा ओळंबा सोडा, दोन्ही मापं एका मिलिमीटरच्या आत आली की समाधान माना.

काही जण चारही चाकांच्या बाजूने दोरी ताणून मोजतात. त्या पद्धतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. रुंद ट्रॅकच्या जिप्सीत पुढचा ट्रॅक १३०० मिलिमीटर आणि मागचा १३१० मिलिमीटर आहे. दोन्हीकडे एकाच मापाचे रिम-टायर असतील तर पुढच्या हबपासूनचं दोरीचं अंतर मागच्यापेक्षा प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर जास्त हवं. सगळीकडे सारखं धरलंत तर तिथेच चूक झाली.

टो फिरवायचा कसा? आणि फिरवल्यावर स्टिअरिंग तिरकं का बसतं?

जिप्सीत दोन्ही नकलना जोडणारा एकच लांब टाय रॉड आहे. त्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे. दोन्ही लॉक नट सोडायचे, रॉड पाइप पान्याने धरून फिरवायचा, की रॉडची लांबी कमी-जास्त होते. त्यातलं एक लॉक नट उलट्या दिशेने सुटतं, उगाच जोर लावून आटे खराब करू नका. बरीच वर्षं न सोडलेला रॉड असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

टाय रॉड फिरवून बदलतो तो फक्त टो. स्टिअरिंग मध्यावर आणायचं काम ड्रॅग लिंकचं, म्हणजे पिटमन आर्मकडून नकलकडे जाणाऱ्या रॉडचं. तोही दोन्ही टोकांना ॲडजस्ट होतो. कारच्या रॅकवर हात बसलेला माणूस डावा रॉड, उजवा रॉड शोधत राहतो आणि शेवटी स्टिअरिंग व्हील उपटून सरळ करून लावतो. तसं होऊ देऊ नका. स्टिअरिंग बॉक्सचा मध्य आणि चाकांचा मध्य जुळायला हवा. बॉक्स मध्यावर सर्वांत घट्ट असतो, सरळ रस्त्यावर गाडी त्याच जागी चालली पाहिजे. नाहीतर एका बाजूला प्ले जास्त जाणवतो आणि वळायची जागाही दोन्हीकडे असमान होते.

क्रम असा: आधी टाय रॉडने टो, मग ड्रॅग लिंकने मध्य, मग लॉक नट. लॉक नट आवळताना दोन्ही टोकांचे बॉल जॉइंट एका रेषेत धरून ठेवा. एक जॉइंट पिळला गेला तर पूर्ण वळणात तो अडतो. आवळून झाल्यावर टो पुन्हा मोजा.

लिफ्ट किट टाकल्यापासून गाडी हायवेवर भरकटते. टो वाढवू का?

टोला हात लावू नका, आधी कॅस्टर मोजा.

कॅस्टर म्हणजे किंगपिनची रेषा बाजूने पाहिली असता मागे झुकलेली असणं, सायकलच्या चिमट्याचा कल असतो तसं. त्या कलामुळे चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. मूळ कल साडेतीन अंशांचा आहे. तो दीड-दोन अंशांवर आला की वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही आणि ८० च्या वेगाला सतत हात चालवावा लागतो.

जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. उंची वाढवायला लांब शॅकल लावला की पाट्याचं पुढचं टोक चेसिसपासून खाली जातं, पाटा पुढे झुकतो आणि त्याच्याबरोबर एक्सलही पुढे फिरतो. कॅस्टर कमी होतो. म्हणून स्वस्तातली शॅकल लिफ्ट मला पटत नाही. उंची हवीच असेल तर जास्त कमानीचे नवे पाटे टाकलेले बरे, तिथेही कॅस्टर मोजून घ्यायचाच.

कॅस्टर परत आणायला पाटा आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर बसवतात. दोन्ही बाजूंना एकाच कोनाची हवी. पाचर कोणत्या बाजूने जाड ठेवायची ते बसवण्याआधी नीट बघा, एक्सलचा वरचा भाग मागे झुकला पाहिजे. एक किंमत मात्र मोजावी लागते: एक्सल मागे झुकला की डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. दोन अंशांपर्यंतची पाचर सहसा निभावते. त्यापुढे जायचं असेल तर फोर बाय फोरमध्ये शाफ्टचा आवाज येतो का ते तपासा.

अलाइनमेंटवाला म्हणतो, कॅम्बर आउट आहे, जॅक लावून एक्सल सरळ करून देतो. करू का?

नको. स्पष्ट नकार द्या.

कॅम्बर बिघडलेला दिसला तर आधी बेअरिंग तपासा, वरचे सगळे मुद्दे पुन्हा बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. सगळं घट्ट असूनही एका बाजूचा कॅम्बर चुकत असेल, तर एक्सलची नळी वाकलेली असू शकते. जोरात उडी बसलेल्या किंवा अपघातातल्या गाडीत हे होतं. नळी वाकली की आतला ॲक्सल शाफ्ट आणि सीलही तिरकं चालतं. त्यासाठी एक्सल बाहेर काढून, जिगवर तपासून काम करावं लागतं, किंवा चांगल्या अवस्थेतला दुसरा हाउसिंग शोधावा लागतो. गाडीवर असतानाच साखळी आणि जॅक लावून वाकवलेली नळी कुठे वाकेल यावर कुणाचा ताबा नसतो.

५० ते ७० च्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग जोरजोरात थरथरतं. अलाइनमेंटने थांबेल का?

नुसत्या अलाइनमेंटने नाही. ही अख्ख्या एक्सलच्या गाड्यांची जुनी व्याधी आहे. एका चाकाला झटका बसतो, टाय रॉडमुळे तो दुसऱ्या चाकाकडे जातो, कुठेतरी प्ले असल्यामुळे परत येतो आणि हेलकावे वाढत जातात.

मी या क्रमाने बघते: चाकांचं बॅलन्सिंग आणि टायरला आलेले फुगे, किंगपिनचा प्रीलोड, टाय रॉड आणि ड्रॅग लिंकचे जॉइंट, पाट्यांचे बुश, कॅस्टर, टो. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) सगळ्यात शेवटी. नवा डॅम्पर लावला की थरथर काही महिने दबते आणि खरा दोष आत वाढत राहतो. किंगपिनचा प्रीलोड गेलेल्या गाडीला डॅम्परवर डॅम्पर लावणं म्हणजे निव्वळ खर्च.

चालवताना हे झालंच तर ब्रेकवर उभं राहू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग घट्ट पण न झगडता धरा आणि वेग उतरू द्या.

गाडी डावीकडे ओढते. काय असेल?

आधी रस्ता बघा. आपल्याकडचे रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो, म्हणून सरळ गाडीही किंचित डावीकडे जाते. रुंद, सपाट रस्त्यावर तपासा. तिथेही ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा. ओढ उजवीकडे गेली तर टायरचा दोष. तशीच राहिली तर ब्रेक चिकटतोय का ते बघा: थोडं अंतर चालवून दोन्ही हबजवळ हात न्या, एक बाजू जास्त तापली असेल तर उत्तर मिळालं. त्यानंतर कोन. कॅस्टर कमी असलेल्या बाजूला आणि पॉझिटिव्ह कॅम्बर जास्त असलेल्या बाजूला गाडी ओढते. टोच्या चुकीने जिप्सी सहसा एका बाजूला ओढत नाही. टो चुकला की टायर खातो आणि स्टिअरिंग तिरकं राहतं.

टायरची झीज बघून टो ओळखता येतो का?

तळहात टायरवरून आडवा फिरवा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना करवतीसारखे दाते टोचले, तर टो-इन जास्त आहे. उलटं जाणवलं तर टो-आउट. दोन्ही टायरवर तपासा. एकाच टायरची एकच कड झिजली असेल तर कॅम्बरकडे संशय जातो, आणि जिप्सीत कॅम्बर म्हणजे पुन्हा बेअरिंग किंवा एक्सल.

मागच्या चाकांचं अलाइनमेंट होतं का?

सेटिंग काही नाही. पण मागचा एक्सल जागेवर आहे का, हे तपासायला एक टेप पुरते. चाकं सरळ ठेवून डाव्या बाजूचं पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर मोजा, मग उजव्या बाजूचं. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंत ५ मिलिमीटरहून जास्त फरक आला, तर सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि पाट्यांचे बुश बघा. मागचा एक्सल तिरका असला की गाडी खेकड्यासारखी चालते, आणि पुढचा टो कितीही अचूक लावला तरी स्टिअरिंग तिरकंच राहतं. थ्री-डी मशीनवर हेच थ्रस्ट अँगल म्हणून दिसतं. तो आकडा मागून घ्या.

गाडी बहुतेक वेळ जंगलात फोर बाय फोरवर चालते. सेटिंग वेगळं ठेवावं का?

ताडोबा किंवा पेंचमध्ये सफारीच्या गाड्या चालवणारे हे विचारतात. पुढच्या चाकांना ताकद मिळाली की ती बाहेर फाकण्याऐवजी आत यायला बघतात. म्हणून फोर बाय फोर जास्त वापरत असाल, तर टो-इन रेंजच्या खालच्या टोकाला, २ ते ३ मिलिमीटर ठेवणं योग्य. त्याहून कमी नको, कारण घरी परत येताना डांबरी रस्ता असतोच. मागे जादा आसनं लावलेल्या गाडीत मागचे पाटे बसतात, गाडीचं नाक वर होतं आणि कॅस्टर थोडा वाढतो. स्टिअरिंग जड लागतं, टोत मात्र फारसा बदल होत नाही. अशा गाडीचे मागचे पाटे आधी बघावेत.

जिम्नीचे आकडे जिप्सीला लावले तर?

लावू नका. २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीलाही पुढे अख्खा एक्सल आहे, पण तो कॉइल स्प्रिंग आणि लिंकवर बसलेला आहे. मशीनच्या यादीत जिम्नी दिसते आणि जिप्सी दिसत नाही, म्हणून ती निवडण्याचा मोह ऑपरेटरला होतो. तुमचा कागद पुढे करा.

किती दिवसांनी करून घ्यावं?

ठरावीक किलोमीटरपेक्षा प्रसंग लक्षात ठेवा. टाय रॉडचा जॉइंट, किंगपिन बेअरिंग, पाटे किंवा बुश यांपैकी काहीही बदललं तर लगेच. नवे टायर टाकल्यावर. मोठा दगड किंवा चर जोरात लागल्यावर. एरवी दर ५००० किलोमीटरला तळहाताने टायर चाचपून बघा आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पुढचं चाक उचलून प्ले तपासा. प्ले नसेल आणि टायर सारखे झिजत असतील तर गाडी मशीनवर चढवायची गरज नाही. चढवलीत तर छापील रिपोर्ट मागा, त्यावर किलोमीटर लिहा आणि गाडीच्या कागदांत जपून ठेवा. पुढच्या वेळी कॅम्बरचा आकडा हलला का ते त्याच्याशीच ताडता येईल.